परमिट रूममधलं परमिट: खरं तरी करा, नाहीतर काढून टाका

नदीकाठ (धागाकर्ता):

गेल्या महिन्यात पुतण्याला घेऊन एका परमिट रूममध्ये जेवायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर सहा पोरं, मिसरूड नुकतं फुटलेलं. व्हिस्कीचा खंबा समोर. कुणी वय विचारलं नाही, परमिट तर नाहीच नाही. बिल देताना मी मॅनेजरला सहज म्हटलं, माझं परमिट दाखवा. त्याने काउंटरखालून पुस्तक काढलं. पानांवर नावं आधीच भरलेली होती, सगळी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये, वर्षाचा १०० आणि आजन्म १००० रुपये. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. पाटीवर ‘परमिट रूम’ लिहितात ते यामुळेच.

माझं म्हणणं, हा कागद खरा करा. पहिला पेग टेबलावर येण्याआधी ओळखपत्र बघून परमिट फाडा, त्याचा नंबर बिलावर छापा. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो बारमध्ये बसला होता. अपघातानंतर बारला सील ठोकली. दारात वय विचारलं गेलं असतं, तर ती रात्र वेगळी गेली असती असं मला मनापासून वाटतं.

---

कुलाबा_दांडी:

वय तपासण्याशी सहमत, परमिटशी अजिबात नाही. या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत करताय.

परमिट आलं कुठून ते बघा. मोरारजी देसाईंच्या काळात मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मग ज्याला प्यायची त्याने डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं, आपल्याला तब्येतीसाठी दारू लागते असं लिहून द्यायचं. म्हणजे धडधाकट माणसाने कागदावर आजारी व्हायचं. त्याच काळात हातभट्टी मुंबईच्या खाड्यांत फोफावली. पुढे सत्तरच्या दशकात सरकारनेच दारं उघडली, पण कायद्याचा सांगाडा तसाच ठेवला. त्यामुळे आजही पिणं हा मूळ गुन्हा आणि ५ रुपये भरले की तेवढ्यापुरती माफी. सज्ञान नागरिकाला सरकारने असं का वागवावं? गोव्यात प्यायला परमिट लागत नाही.

जो कायदा रोज लाखो लोक मोडतात, तो कधी कुणावर उगारायचा हे उगारणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. मला भीती त्याची वाटते. वय बघायला आधार किंवा लायसन्स पुरेसं आहे. जबाबदारी विकणाऱ्यावर टाका. २५च्या खालच्याला व्हिस्की दिली तर त्याचा परवाना जावा. पिणाऱ्याच्या खिशात चिठ्ठी कशाला?

---

काउंटरमागून:

एकोणीस वर्षं परमिट रूममध्ये काढली आहेत, आता कॅप्टन आहे. पुस्तक आम्हीच भरतो, नाकारत नाही. शनिवारी रात्री नऊला चाळीस टेबलं भरलेली असतात आणि आम्ही चार जण. गिऱ्हाइकाला आधार मागितला तर म्हणतो, मी दारू प्यायला आलोय की बँकेत खातं उघडायला? उठून जातो. जातो कुठे तेही सांगतो. समोरच्या वाइन शॉपमधून क्वार्टर घेतो आणि चायनीजच्या गाडीवर बसतो. तिथे परमिट नाही, वय नाही, बंद करायची वेळ नाही. २०२३मध्ये आमच्या बिलावरचा व्हॅट ५चा १० टक्के झाला, २०२५मध्ये उत्पादन शुल्क वाढलं. त्या जुलैत बारवाल्यांनी एक दिवस बंदही पाळला. जितकं आम्हाला आवळाल तितकी ती गाडी चालणार.

तरी पोरांच्या बाबतीत नदीकाठ खरं बोलतात. माझी मुलगी १९ची आहे. मी स्वतः दोनदा कॉलेजच्या पोरांना उठवलंय आणि दोन्ही वेळा मालकाच्या शिव्या खाल्ल्यात.

---

वर्ध्याची_लेक:

माहेर वर्धा, सासर यवतमाळ. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, पण माझ्या वडिलांना दारू एक दिवसही कमी पडली नाही. हद्द ओलांडली की दुकान. पुढे तर घरपोच मिळायला लागली, दुकानापेक्षा महाग, आणि कसली ते देवालाच माहीत. चंद्रपूरला २०१५मध्ये बंदी आली, २०२१मध्ये उठली. त्यामुळे बंदीने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही.

पण कुलाबा_दांडी, ‘सज्ञान नागरिक’ हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. माझे वडीलही सज्ञान होते. आईच्या मजुरीचे पैसे काढून न्यायचे. तिने संमती दिली होती का?

माझ्या मते खरं परमिट पिणाऱ्याचं नाही, गावाचं आहे. बायकांनी मागणी केली तर मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निम्म्याहून जास्त मतं पडून बाटली आडवी झाली की दुकान बंद. मतदानाच्या दिवशी जाऊन बघा, मजुरी बुडवून रांगेत उभ्या असतात बाया. जी मतदानाला आली नाही ती उभ्या बाटलीच्याच कामी येते, कारण हिशेब यादीतल्या सगळ्या नावांवर होतो. तुमची सगळी चर्चा टेबल-खुर्चीच्या बारची आहे. ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ या पाटीखाली सकाळी जी रांग लागते, तिथे वय कोण विचारतं?

---

नदीकाठ:

ताई, तुमचं वाचून थांबलो. देशीचं दुकान माझ्या डोक्यात नव्हतंच, ही चूक कबूल.

कुलाबा_दांडी, पिणं हा गुन्हा नसावा हे मान्य. पण परमिट आज रद्द केलं तर त्याजागी वय तपासणारं काहीच उरणार नाही, कारण तशी सवयच आपल्याकडे नाही. आधी दुकानदारावर वय तपासण्याचं लेखी बंधन येऊ दे, मग परमिट काढा. क्रम उलटा झाला तर ती सहा पोरं तिथेच बसलेली असतील.

---

कुलाबा_दांडी:

क्रम मान्य, मुदत घाला. ‘आधी हे, मग ते’ म्हणत हा कायदा १९४९पासून चाललाय. आणि ताई, संमतीचा प्रश्न माझ्याकडे अनुत्तरित आहे. उगाच शब्द जुळवत नाही.

---

नदीकाठ:

आमच्या तालुक्यात वर्षभरात किती एकदिवसीय परमिटं विकली गेली आणि किती दारू खपली, हे माहिती अधिकारात मागवतोय. अर्ज सोमवारी टाकतो.

---

वर्ध्याची_लेक:

दोन रुपयांचीही मागवा. नुसती पाच रुपयांची नको.