सहावीचा एक वर्ग, चार-पाच बोली: ‘माझे गाव’ आणि खाडीची सहल कशी बसवावी?

वऱ्हाडी_खडू
घणसोलीच्या शाळेत सहावीला मराठी आणि भूगोल शिकवते, नोकरीचं पहिलंच वर्ष. पट ४२. मूळ गावठाणातली आगरी मुलं, माथाडी कुटुंबांतली साताऱ्याकडची, धुळे-जळगावची अहिराणी बोलणारी, आणि घरी हिंदी किंवा भोजपुरी असलेली सहा-सात. मी अमरावतीची, ठाण्याहून ये-जा करते.

‘माझे गाव’ निबंध दिला तर सगळ्यांच्या वहीत गाईडमधलं तेच झुळझुळ वाहणारी नदी असलेलं खेडं. पानी, शाला असं लिहिलं तर लाल शाई मारायची का? माझी स्वतःची वऱ्हाडी वर्गात बोलावी की दाबावी? आणि याच सत्रात ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला न्यायचंय. दिवस कसा ठरवायचा, लोकल की बस?

पाटीवरचा_ळ
ताई, निबंधाचा विषयच चुकलाय. घणसोली गावठाणातल्या मुलाचं गाव त्याच्या पायाखालीच आहे, ‘गावाला’ तो कुठे जाणार? आणि भोजपुरी घरातल्या मुलानं गाव कदाचित एकदाच पाहिलेलं असतं. ‘गाव’ हा शब्द काढा आणि तीन प्रश्न द्या: आजी किंवा आई लाडानं काय हाक मारते? घरातला एक पदार्थ, तो कोणत्या भांड्यात आणि कसा करतात? घरी बोलतात पण पुस्तकात नाही असे दहा शब्द. दोन दिवस मुदत, विचारायचं ते घरच्यांना. गाईडला यातलं एकही उत्तर येत नाही.

शब्द मोठ्या कागदावर चार रकान्यांत मांडा: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, घरी कोण बोलतं, एक वाक्य. वाक्याचा रकाना गाळू नका, खरी गंमत तिथेच आहे. आगरी मुलगा ‘मना’ म्हणतो तेव्हा त्याला ‘मला’ म्हणायचं असतं. अहिराणी मुलगा ‘मना’ म्हणतो तेव्हा ‘माझा’. शब्द एकच, अर्थ दोन. वाक्य नसेल तर दोघं एकमेकांना चूक ठरवत बसतात. आई-वडिलांना आगरीत आयस-बापूस, तुमच्याकडे माय. नात्यांपासून सुरुवात केली की सगळ्यांकडे सांगायला काहीतरी असतं.

हा उपक्रम फसतो तो नकला सुरू झाल्या की. म्हणून पहिला शब्द तुमचा: फळ्यावर ‘मले’ आणि ‘डोया’ लिहा, मुलांना ओळखू द्या. हसायचं तर आधी मॅडमवर हसू दे. ‘मॅडम, तुम्ही कुठल्या?’ याचंही उत्तर त्यातच मिळतं. तेव्हा दाबण्याचा प्रश्नच येत नाही. सूचना आणि पाठाचं वाचन प्रमाण मराठीत, गप्पा वऱ्हाडीत चालतील.

लाल शाईबद्दल: आगरीत ळचा ल आणि णचा न होतो. मूल ऐकतं तसं लिहितं, तो निष्काळजीपणा नव्हे. शुद्धलेखन दहा-दहा वेळा लिहून घेतल्यानं हात दुखतो, कान तयार होत नाही. काल–काळ, माल–माळ, वेल–वेळ, मन–मण, कोन–कोण अशा जोड्या घ्या. पहिला आठवडा फक्त ऐकणं: तुम्ही एक शब्द म्हणायचा, मुलांनी एक किंवा दोन बोटं दाखवायची. दुसऱ्या आठवड्यात उच्चार, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावून. लिहिणं तिसऱ्या आठवड्यात. रोज दहा मिनिटं पुरे. जोड्या पूर्ण वर्गाकडून करून घ्या, फक्त आगरी मुलांना उभं करू नका. तुमच्याकडे ळचा य होतो, त्यामुळे तुमचाही ळ मुलं टिपतील!

सुकती_भरती
सहलीचा दिवस शाळेच्या सोयीनं नाही, भरतीच्या सोयीनं ठरवा. खाडीत पक्षी दाखवायला नेणारी बोट भरतीलाच नीट चालते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखल उघडा पडतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘दर शनिवारी सकाळी दहा’ असलं काही ठरवता येत नाही.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास; अष्टमीला सहा; द्वादशीला नऊ. सकाळी १० ते १२ मध्ये भरती हवी तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावस्या धरा. हा अंदाज समुद्रकिनाऱ्याचा आहे, आत खाडीत पाणी उशिरा चढतं. शिवाय तिथी दुपारीही बदलते. म्हणून शेवटचा निर्णय छापील भरती-ओहोटी तक्त्यावरच घ्या आणि बोटीची वेळ ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून पक्की करून घ्या. पक्ष्यांसाठी जानेवारी ते मार्च बरा.

आणि हे गणित तुम्ही शिकवू नका. गावठाणातल्या एखाद्या आजोबांना वर्गात बोलवा. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), सुकती हे शब्द त्यांच्या तोंडून आले की अपूर्णांकाचा तासही होतो. आगरी हे नाव आगरावरून, म्हणजे मिठागरावरून, हेही तिथेच निघेल. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. हे मात्र तुम्ही सांगा.

फलाट_नऊ
घणसोलीहून रबाळे, मग ऐरोली. दोनच स्टेशनं म्हणून लोकल सोपी वाटते. चढणं जमतं, उतरताना गडबड होते: गाडी काही सेकंदच थांबते, आणि ४२ मुलं एका दारातून उतरत नाहीत. सात-सात मुलांचे सहा गट, प्रत्येकामागे एक मोठं माणूस, दोन डबे, गटागणिक दार ठरलेलं. मोठं माणूस सगळ्यात शेवटी उतरणार. मोजणी फलाटावर, डब्यात आणि उतरल्यावर. अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंतच, सहावीत काही जण बारा पूर्ण केलेले असतात, तेव्हा जन्मतारखा आधी तपासा. सहा मोठी माणसं मिळत नसतील तर सरळ बस करा. माझं मत बसच, कारण भरती तुमच्या गाडीसाठी थांबत नाही.

वऱ्हाडी_खडू
बसच करते. एकच राहिलं: परीक्षेत ‘शाला’ लिहिलं तर गुण?

पाटीवरचा_ळ
आशयाचे पूर्ण द्या, लेखनाचे वेगळे ठेवा: दहातले आठ आशयाला, दोन लेखनाला. संवादलेखनात पात्र आगरी बोलत असेल तर ‘शाला’ बरोबरच धरा. मात्र हे पेपरच्या दिवशी नको, घटक चाचणीआधी मुलांना आणि पालकांना सांगून ठेवा.

सुकती_भरती
बसचालकाला परतीची वेळ देताना बोटीनंतर पाऊण तास जास्तीचा धरा. चिखलाचे बूट धुण्यातच तेवढा जातो.