आफ्रिकेतले मिशनरी विरुद्ध वसाहतवाले: एकच पुस्तक सुचवा (बजेट ५००)

कट्टेकरी: पुढच्या महिन्यात वाचनकट्ट्यावर २० मिनिटं बोलायचंय. आफ्रिकेत मिशनरी आणि गोऱ्या सत्तेचं कुठे फाटलं, एवढाच विषय. ५०० च्या आत, जाड नको, मराठी असेल तर उत्तमच.

जुनी_पानं: डोळे झाकून हॉक्शील्डचं 'किंग लिओपोल्ड्स घोस्ट', काँगो स्वतःच्या मालकीचा करून रबरासाठी तिथल्या लोकांना छळणाऱ्या बेल्जियमच्या राजावरचं. त्यात शेपर्ड आहे, अमेरिकेतला काळा मिशनरी, १८९९ ला काँगोतल्या एका छावणीत धुरावर ठेवलेले माणसांचे ८१ तोडलेले उजवे हात त्याने मोजले. अहो, एकेक करून मोजले! पुढे मिशनच्या पत्रकात काँगोतल्या कसाई नावाच्या भागातल्या रबर कंपनीबद्दल लिहिलं तर कंपनीने बदनामीचा खटला भरला, १९०९ ला सुटला. मी हार्डबाउंड घेतलं, १९०० पडले पण वसूल.

मिरजमिरची: +१ काँगो. पण पेपरबॅक घेऊ नका, माझी मधली पानं सुटी झाली, साइटवाले म्हणे मुदत संपली. काँगोच्या पुस्तकाला रबरबँड लावून ठेवलाय, आता बोला. त्यात अ‍ॅलिस हॅरिसबाईंचा १९०४ चा फोटो बघा, बाप ओट्यावर बसलाय आणि समोर पोरीचा तोडलेला हात नि पाऊल. रात्री बघू नका.

ठाम_मत: मिशनरी आणि सरकार एकाच माळेचे मणी. भांडण कसलं?

जुनी_पानं: तक्रारी करणाऱ्या प्रोटेस्टंटांना लिओपोल्ड मिशनसाठी नवीन जागा देत नव्हता, हेही माळेतच का?

ब्लँटायर_रिटर्न: मी मलावीत ३ वर्षं नोकरीला होतो. तिथला काळा पाद्री चिलेंब्वे घ्या, तिथल्या नोटेवर आहे, १५ जानेवारीला सुट्टी असते. त्याची प्रार्थनाघरं मळ्याच्या मॅनेजरने जाळली आणि मळा कुणाचा, तर प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या नातवाचा! १९१४ ला चिलेंब्वेने पेपरला पत्र लिहिलं की गोऱ्यांच्या लढाईत आमची माणसं का मरतायत, तर अंकच दाबला. जानेवारी १९१५ ला ब्रिटिशांविरुद्ध उठाव, फेब्रुवारीत त्याला गोळ्या घातल्या. शेपरसन-प्राइसचं 'इंडिपेंडंट आफ्रिकन' घ्या. जाड आहे, पण जाडच हवं.

मिरजमिरची: जाड पेपरबॅकची तर पानं आणखी लवकर सुटतात.

शरणपूर_रोड: थोडं विषयांतर. आमच्या नाशकात शरणपूरला मिशनऱ्यांनी गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकवली. १८७५ च्या सुमारास त्यातले बरेच केनियात मोंबासाजवळ फ्रेरटाउनला गेले, आपल्या मुंबईचा जुना गव्हर्नर फ्रेर, त्याचंच नाव. जवळच रबाईच्या मिशनवर विल्यम जोन्स होता, त्या मुलांपैकीच, नाशिकलाच शिकलेला. तिथे पळालेले गुलाम येऊन राहायचे, मालक खवळले, शेवटी तिथला कारभार बघणाऱ्या ब्रिटिश कंपनीने मालकांना पैसे मोजून हजारावर लोक सोडवले.

जुनी_पानं: ती कंपनी, सरकार नव्हे. विषय भरकटतोय. काँगोच घ्या.

ठाम_मत: कंपनी म्हणजेच सरकार. आपल्याला वेगळं सांगायला हवं का?

कट्टेकरी: सगळ्यांचे आभार. पुस्तक घेत नाही, रबाईवरच बोलतो. जोन्सबद्दल लायब्ररीत शोधतो आणि ५०० रुपयांत एसटीने नाशिक करून येतो. शरणपूर_रोड, रविवारी आहात का?

मिरजमिरची: पेपरबॅक घेतलं नाहीत ते एक बरं केलंत.