पंढरपूरला सायकलने जायचंय, पण तीस किलोमीटरच्या पुढे बोटं बधिर होतात

पानशेतवाली:

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "दुखतं" म्हटलं तर तुम्ही तरी काय सांगणार?

धायरीत राहते. वय ४६, शाळेत गणित शिकवते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६१ किलो. गेल्या दिवाळीत रोड बाइक घेतली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), २५ मिलिमीटरचे टायर, रिम ब्रेक. फ्रेम ५२ साइजची आहे. दुकानात तेव्हा लहान साइज शिल्लक नव्हता. "सीट खाली केली की बसेल तुम्हाला" असं म्हणाले आणि मी घेतली. आता त्यावरून भांडायचं नाही, आहे त्या सायकलवर मार्ग काढायचाय.

दर शनिवारी पहाटे साडेपाचला निघते. खडकवासला, डोणजे फाटा, खानापूर, सोनापूर, पानशेत आणि परत. पासष्ट-सत्तर किलोमीटर होतात. खानापूरपर्यंत इतकं छान वाटतं की आठवडाभराचा शीण उतरतो. सोनापूर मागे पडलं की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका झोपी जातात. परतताना दोन्ही हातांची. मागच्या शनिवारी खानापूरच्या अलीकडे उतारावर एक कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला, पण बोटांनी किती जोर लावलाय तेच कळेना. कुत्रं वाचलं, मीही वाचले, पण तिथेच उतरून दहा मिनिटं रस्त्याकडेला बसून राहिले.

दुसरं दुखणं बैठकीचं. हाडांवर दुखतं ते वेगळंच, शिवाय डाव्या मांडीच्या आत सोलवटतं. सोमवारी वर्गात खुर्चीवर बसवत नाही. मानही धरते.

आतापर्यंत केलेले उपाय: सीटवर जेलचं जाड कव्हर घातलं. समोरून टोचतं म्हणून सीटचं टोक खाली झुकवलं. जेलचे ग्लोव्हज घेतले. हवा ११० पीएसआय भरते, टायरवर १२० लिहिलंय म्हणून. कव्हरने पहिले दहा किलोमीटर बरं वाटतं, नंतर आधीपेक्षा वाईट.

घाई अशासाठी की आषाढीआधी आम्ही सातजण सायकलने पंढरपूरला निघणार आहोत. दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद करत फलटणला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, पंढरपूर. दोनशेच्या वर किलोमीटर. सासऱ्यांनी एकवीस वर्षं पायी वारी केली, आता गुडघे साथ देत नाहीत. या वर्षी ते म्हणाले, "तू सायकलने जा, पण जा." त्यामुळे अर्ध्यातून टेम्पोत बसायचं नाहीये मला.

आठ हजार बाजूला ठेवलेत. सीट, शॉर्ट्स, टायर, बूट यांतलं आधी काय घेऊ?

जुना_लोखंडी:

ताई, ते आठ हजार दोन आठवडे तसेच राहू द्या. तुमच्या निम्म्या दुखण्यावर औषध अ‍ॅलन कीचं, म्हणजे बोल्ट फिरवायच्या षटकोनी चावीचं, आहे आणि ती तुमच्याकडे असणारच.

करंगळी आणि अनामिका हीच दोन बोटं झोपतात, हे तुम्ही नेमकं लिहिलंत ते फार बरं झालं. त्या बोटांची नस, अल्नर नर्व्ह, तळहाताच्या करंगळीकडच्या मांसल भागाखालून जाते. तिथे हँडलचा दाब तास-तासभर राहिला की ती कुरकुरते. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिर झाली असती तर ती मीडियन नर्व्ह, तिचा त्रास वेगळा. मग तळहातावर एवढं वजन का येतं? तुम्ही सीटचं टोक खाली झुकवलंत म्हणून. तिरक्या सीटवर माणूस पुढे घसरत राहतो, आणि ती घसरण दोन हातांनी थोपवून धरावी लागते. सत्तर किलोमीटर तुम्ही स्वतःला ढकलत मागे ठेवताय. मानही त्यामुळेच धरते.

सीटवर एक सरळ फळी ठेवा, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवा आणि सीट सपाट करा. फार तर दोन अंश खाली, त्याहून जास्त नाही.

जेलचं कव्हर आजच काढा. मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि गादी मधून वर येते. जिथे हाड नाही, नुसत्या नसा आणि नाजूक भाग आहे, तिथे ती दाबते. दहा किलोमीटर बरं आणि मग वाईट, ते यामुळेच. वजन हाडांवरच यायला हवं. पहिले आठ-दहा दिवस हाडं दुखतील, ते दुखणं सरतं. नस दाबल्याचं दुखणं सरत नाही, वाढतं.

आता दोन मापं घेऊन इथे लिहा. पहिलं: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधून सायकलची सीट असते तसं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. दुसरं: सायकलच्या क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत.

आणि एक. बोटं रविवारीही बधिर राहत असतील तर सायकल भिंतीला लावून आधी डॉक्टरांकडे जा.

पानशेतवाली:

काका, संध्याकाळपर्यंत बोटं ठीक होतात, रविवारी काही नसतं. मापं: पायाचं ७३ सेंटिमीटर. सीट कव्हरसकट ६७.

जुना_लोखंडी:

मग गणिताच्या बाईंना गणितच सांगतो. पायाचं माप गुणिले ०.८८३. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे माहीत झालेलं हे सूत्र आहे. ७३ ला साडेचौसष्ट येतात. तुम्ही अडीच सेंटिमीटर वर बसलाय. मोठी फ्रेम असली की असं होतं, हँडल लांब वाटतं म्हणून माणूस सगळंच ताणून घेतो. सीट उंच असली की पॅडल खाली जाताना कंबर त्या बाजूला झुकते. मिनिटाला ऐंशी वेळा कंबर डावी-उजवी हलली तर मांडी सोलवटणारच. कुणाला तरी मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा, स्वतःच बघाल.

कव्हर निघालं की दीडेक सेंटिमीटर आपोआप कमी होईल. उरलेलं अर्धा-अर्धा करून उतरवा, मधे एक राइड जाऊ द्या. सूत्र हे सुरुवातीचं ठिकाण, शेवटचं नव्हे. गुडघा पुढून दुखला तर सीट जास्त खाली गेली, मागून दुखला तर अजून वर आहे.

ब्रेव्हेवाली:

ताई, मी कोथरूडला असते. दोनशे किलोमीटरच्या चार आणि तीनशेची एक ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केलीय. (दोनशेला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, म्हणजे वेगापेक्षा बसून राहता येणं महत्त्वाचं.) काकांनी हाडांचं सांगितलं, मी कातडीचं सांगते. हा प्रश्न बायका एकमेकींनाही मोकळेपणाने विचारत नाहीत, म्हणून सगळं स्पष्ट लिहिते.

पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही. पहिली दोन वर्षं मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. त्याची शिवण आणि ओला सुती कपडा, या दोन गोष्टींनीच सोलवटतं. पॅड थेट अंगाला लागायला हवा, शॉर्ट्स इतकी घट्ट हवी की पॅड जागचा हलणार नाही. शिवण जिथे घासते तिथे निघताना शॅमॉय क्रीम (घासणं कमी करणारं मलम) लावा. नसेल तर पेट्रोलियम जेलीही चालते, फक्त कपड्यातून धुऊन काढायला त्रास होतो.

तुमच्या आठ हजारांतले सगळ्यात आधी शॉर्ट्सवर घाला. बायकांच्या मापाचा पॅड वेगळा असतो, पुरुषांची छोटी साइज घेऊ नका. खांद्यावरच्या पट्ट्यांची बिब कमरेला काचत नाही, पण लघवीला जायचं तर अंगातली जर्सी उतरवावी लागते. लोणंद-फलटण रस्त्यावर ते कसं जमायचं? मागून हुकने सुटणारी बिब मिळते, ती बघा. नाही मिळाली तर रुंद पट्ट्याची साधी शॉर्ट्स घ्या. जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. कृपा करून ते करू नका. दिवेघाट चढून आल्यावर शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात जायला हवं. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ते घाला.

आषाढ म्हणजे पाऊस धरूनच चाला. ओल्या शॉर्ट्समध्ये शंभर किलोमीटर म्हणजे ठरलेली जखम. दुसरी शॉर्ट्स प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या आणि नीरेला किंवा लोणंदला बदला. फलटणला पोचल्या-पोचल्या, चहाच्याही आधी, आंघोळ आणि कोरडे कपडे. दुसऱ्या दिवशी माळशिरसला मला आठवाल.

हिंजवडी_पहाटे:

वरचं सगळं मान्य, पण ५२ ची फ्रेम पाच फूट दोनला मोठीच. माझ्या मते ती विकून ४८ घ्या. तोवर टायर. ६१ किलोला ११० म्हणजे दगडावर बसून जाणं. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. २५ वर मागे ८०, पुढे ७५ करून बघा. फोर्क आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ घाला आणि आणखी दहा उतरवा. सिंहगड रोडच्या खड्ड्यांना हाच उपाय.

जुना_लोखंडी:

टायरचं अगदी बरोबर. फ्रेम विकण्याची घाई मात्र नको. आधी स्टेम बघा. ताई, हँडलला धरणारा जो आडवा तुकडा असतो त्यावर आकडा असेल. १०० असेल तर ८० चा घाला, हँडल दोन सेंटिमीटर जवळ येईल. खाली-वर उलटवता आला तर थोडं उंचही होईल. तुमचा फोर्क कार्बनचा आहे, त्यामुळे आतली नळीही कार्बनची असू शकते. हे काम टॉर्क रेंचवाल्या (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना असलेल्या) मेकॅनिककडूनच करून घ्या, स्टेमचे बोल्ट बहुतेक पाच न्यूटन-मीटरला बसतात. जोरात पिळले तर नळीला तडा जाईल. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे सरकवू नका, त्याने गुडघे बिघडतात.

आमच्या लहानपणी मुंबई-पुणे शर्यत बघायला वडील बोरघाटात न्यायचे. "घाटाचा राजा" कोण होतो त्यासाठी तासन् तास थांबायचो. जिंकणाऱ्याची सायकल त्याच्या अंगाचाच भाग वाटायची. पुढे मी खडकीला कामावर बावीस वर्षं सायकलने गेलो, तेव्हा कळलं की ते सायकलीच्या किमतीचं नव्हतं, मापाचं होतं. म्हणून इतका आग्रह करतोय.

नवी सीट सर्वांत शेवटी. घ्यायची झाली तर जाड पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, टाचा उचला, थोडं पुढे वाका. दोन खळगे उमटतील. मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. साधारण तेवढी रुंद सीट.

पानशेतवाली:

तीन शनिवार झाले, म्हणून कळवते.

पहिल्या शनिवारी फक्त दोनच बदल: कव्हर काढलं, सीट सपाट केली. पाणसळ शेजारी फरशीचं काम चाललंय तिथल्या मिस्त्रींकडून आणली. सीट चांगली बोटभर झुकलेली होती. त्या दिवशी बोटं सोनापूरला नाही, परतताना खानापूरला झोपली, तीही फक्त उजवी. हाडं मात्र ठणकली. काकांनी आधी सांगितलं नसतं तर कव्हर परत घातलं असतं.

दुसऱ्या शनिवारी सीट खाली घेतली, हवा ८० आणि ७५. मुलीने स्कूटरवरून मागून चित्रण केलं. जुन्या उंचीवर कंबर खरंच झोपाळ्यासारखी हलत होती, विशेषतः डावीकडे. डावीच मांडी सोलवटायची.

काल नवी शॉर्ट्स, तेवीसशे रुपयांची, मागून सुटणारी. आत काही नाही. पहिले पाच किलोमीटर संकोच वाटला, मग विसरले. पानशेतला पोचून धरणाच्या भिंतीपाशी केळं आणि दोन राजगिऱ्याचे लाडू खाल्ले, परत निघाले. धायरी फाट्यापर्यंत मांडी शाबूत. करंगळी शेवटच्या सात-आठ किलोमीटरला मुंग्या आल्यासारखी झाली, बधिर नाही. दर दहा मिनिटांनी हात हूडवरून (ब्रेकच्या लिव्हरवरच्या रबरी पकडीवरून) वरच्या दांडीवर नेत होते, त्यानेही फरक पडतो.

पुठ्ठ्यावर १२५ मिलिमीटर आले. म्हणजे दीडशेच्या आसपासची सीट हवी, माझी १३२ ची आहे. स्टेमवर १०० च आहे. बुधवारी शाळा सुटल्यावर मेकॅनिककडे जाते, ८० चा बसवून घेते. फोर्कमध्ये २८ चा टायर मावतो का, तेही त्यांच्याकडूनच मोजून घेईन. सीटचं पुढच्या महिन्यात.

ब्रेव्हेवाली, पुढच्या रविवारी पहिल्यांदा दिवेघाट चढून जेजुरीपर्यंत जाऊन येणार आहे. वडकीपासून पुढे चढावर पाणी मिळतं की दोन्ही बाटल्या भरूनच निघू?

ब्रेव्हेवाली:

दोन्ही भरूनच निघा. वर पोचल्यावर सासवडला पुन्हा भरा. पहाटे पाचच्या आत हडपसर सोडलंत तर ट्रकची रांग लागायच्या आधी घाटात असाल. मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच. मी येते तुमच्यासोबत. पावणेपाचला हडपसर गाडीतळावर भेटू.