ऊसतोड महिलांमधला रक्तक्षय : प्रबंधाला १०० रुग्ण पुरतील का?

निवासी_पीएसएम (बीड)

नमस्कार. एमडी कम्युनिटी मेडिसिनचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा लेखी आराखडा) पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. विषय : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या १८ ते ४५ वयाच्या महिलांमधल्या रक्तक्षयाची तुलना. सध्याचा आराखडा असा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, उपजिल्हा रुग्णालयाची ओपीडी, ५० ऊसतोड महिला आणि ५० इतर. बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन, १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. मग काय-स्क्वेअर (दोन गटांतल्या प्रमाणांची तुलना करणारी चाचणी), पी (खरा फरक नसताना योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आत आला तर 'ऊसतोडीमुळे रक्तक्षय होतो' असा निष्कर्ष. गर्भवती वगळणार आहे. १०० पुरतात का? आराखड्यात आणखी काय बदलावं?

फड_ते_फाईल (अंबाजोगाई)

डॉक्टर, १०० पुरतात का हे नंतर पाहू. आधी त्या १०० जणी कोण असतील ते बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन भर. धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणीकडची कोयत्याला (ऊसतोडीला) गेलेली माणसं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर (तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात) असतात. त्या तीन महिन्यांत तुमच्या ओपीडीत जी 'ऊसतोड महिला' येईल, ती बहुतेक आजारपणामुळे मागे राहिलेली किंवा फडावरून परत आलेली असेल. तिचं एचबी (हिमोग्लोबिन) कमी निघणारच. आणि दुसऱ्या गटातल्या ५० जणीही रुग्णच, कारण धडधाकट बाई ओपीडीत येत नाही. दोन्ही गट चुकीचे, आणि चूक दोन्हीकडे सारखी नाही. अशा वेळी १०० ऐवजी १००० घेतल्या तरी उत्तर सुधारत नाही. तीच चूक जास्त ठामपणे छापली जाते, एवढंच.

अभ्यास गावात न्या. पट्टा पडून (हंगाम संपून) टोळ्या परतल्या की, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. परतल्यापासून किती आठवड्यांत रक्त घ्यायचं ते सिनॉप्सिसमध्येच लिहा. मी ४ ते ८ आठवडे सुचवेन. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. ऑगस्टमध्ये रक्त घेतलं तर फडावर तयार झालेल्या पेशी बहुतेक संपलेल्या असतात, मग तुम्ही गावातल्या चार महिन्यांच्या जेवणाचा आणि विश्रांतीचा परिणाम मोजत बसाल. फार उशीर करू नका, पेरणीला मृग लागला की घरं दिवसभर बंद.

'ऊसतोड महिला' ही व्याख्याही पक्की करा. 'मागच्या तीनपैकी किमान दोन हंगामांत, प्रत्येकी तीन महिन्यांहून जास्त फडावर प्रत्यक्ष तोडणी किंवा मोळी वाहणे' असं काहीतरी मोजता येईल असं. नुसतं 'तुम्ही ऊसतोड करता का' विचारलं तर फक्त स्वयंपाकाला आणि लेकरं सांभाळायला गेलेलीही 'हो' म्हणते. आणि ज्या अशक्तपणामुळे यंदा गेल्याच नाहीत त्यांना आपोआप दुसऱ्या गटात टाकू नका. त्या तिकडे गेल्या की न जाणाऱ्यांचा रक्तक्षय फुगतो आणि खरा फरक झाकला जातो. त्यांची वेगळी नोंद ठेवा : कधीच न गेलेल्या, पूर्वी जाणाऱ्या, सध्या जाणाऱ्या.

शेवटचा मुद्दा निष्कर्षाचा. एकाच वेळी मोजलेल्या क्रॉस-सेक्शनल अभ्यासातून 'ऊसतोडीमुळे' असं लिहिता येत नाही. 'ऊसतोडीशी संबंध आढळला' इथपर्यंतच. 'मुळे' म्हणायचं तर त्याच बायकांचं दसऱ्याआधी आणि परतल्यावर, असं दोनदा रक्त घ्यावं लागेल. सोबत गावात राहिलेल्यांचंही, कारण ऋतू बदलला की खाणं सगळ्यांचंच बदलतं. तीन वर्षांच्या एमडीत एका हंगामाचा असा अभ्यास बसतो, पण सिनॉप्सिस आणि एथिक्सची (नीतिमत्ता समितीची) मंजुरी दसऱ्याच्या आत हवी.

नमुना_आणि_गणित (परभणी)

आकड्यांचं बोलतो. दोन प्रमाणांच्या तुलनेचं सूत्र : प्रत्येक गटात n = ७.८४ × (p१q१ + p२q२) ÷ (p१ − p२)². ७.८४ म्हणजे (१.९६ + ०.८४) चा वर्ग, ९५ टक्के विश्वास आणि ८० टक्के पॉवरसाठी (पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता). p म्हणजे त्या गटातलं रक्तक्षयाचं प्रमाण, q म्हणजे १ − p. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांत रक्तक्षय ५४.२ टक्के होता. समजा न जाणाऱ्यांत ४५ आणि जाणाऱ्यांत ६० टक्के धरले. ७.८४ × (०.२४ + ०.२४७५) ÷ ०.०२२५ = १७०, तेही प्रत्येक गटात. हे ४५ आणि ६० कुठून घेतले ते लिहावं लागेल. आणि १५ टक्क्यांचा फरक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा का, हेही.

पण १७० वर थांबू नका. एका गावातल्या बायकांचं पाणी, रेशन, आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहगोळ्या सारख्याच असतात. म्हणून वीस जणींकडून वीस जणींइतकी माहिती मिळत नाही. म्हणून नमुना किती पट वाढवायचा ते सांगणारा डिझाइन इफेक्ट = १ + (m − १) × आयसीसी. m म्हणजे एका गावातून एका गटात घेतलेल्या बायका, आयसीसी म्हणजे एकाच गावातल्या बायका एकमेकींसारख्या किती याचं माप. गावागणिक प्रत्येक गटात २० आणि आयसीसी ०.०३ धरला तर १.५७. १७० × १.५७ = २६७. दहा टक्के नकार किंवा बंद घरं धरून ०.९ ने भागा, २९७. म्हणजे १५ गावं, प्रत्येक गावात दोन्ही गटांच्या २०-२०, एकूण ६००. दोन्ही गट एकाच गावातून घेतल्याने गावागावातला फरक तुलनेत बराचसा कटतो, त्यामुळे हा हिशोब थोडा सावध बाजूचाच आहे. आयसीसी हे गृहीतक आहे, ते स्पष्ट लिहा. हात कमी असतील तर गावातल्या बायका कमी करून गावं वाढवा. m १२ केला तर डिझाइन इफेक्ट १.३३ वर येतो.

आणि ५०-५० चं उत्तर : तेवढ्यात ८० टक्के पॉवरने सापडतो तो फरक सुमारे २८ टक्क्यांचा. खरा फरक १५ असेल तर पी ०.०५ च्या वर जाण्याचीच शक्यता जास्त, आणि मग 'फरक नाही' असं चुकीचं लिहिलं जाईल.

गावं निवडताना जनगणनेची यादी, लोकसंख्येची चढती बेरीज, तिला १५ ने भागून येणारं अंतर आणि यादृच्छिक सुरुवात. तांडे आणि वस्त्या महसुली गावाच्या नावाखाली दडलेल्या असतात. त्या यादीत ओढून घ्या, नाहीतर सगळ्यात जास्त कोयते (ऊसतोड जोड्या) जिथून निघतात तीच जागा सुटते. घरांची यादी आशाताईंच्या सर्वेक्षण नोंदवहीतून, आणि ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांची नोंद असेल तर तिच्याशी ताडून घ्या. बंद घराऐवजी शेजारचं घर घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यातली एक सकाळी सातच्या आत. तरी नाही भेटली तर 'भेट झाली नाही' अशी नोंद करून पुढे.

ईडीटीए_ट्यूब (लातूर)

बोटातलं रक्त नको. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि एचबी कमी दिसतं. पहिला थेंब पुसला नाही तरी तेच. कोयता धरून कडक झालेल्या बोटांत हे जास्त घडणार, म्हणजे चूक नेमकी एका गटाकडे झुकणार. साहलीची पद्धत तर नकोच, रंग डोळ्याने जुळवायचा म्हणजे माणूस बदलला की आकडा बदलला.

शिरेतून २ मिली, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये खुणेपर्यंत. ८ ते १० वेळा हलकेच उलटी करायची, झटकायची नाही. एप्रिलच्या उन्हात ट्यूब गाडीत राहू देऊ नका. कोल्ड बॉक्समध्ये ठेवा, पण बर्फाच्या गोळ्यांना थेट टेकवू नका, पेशी फुटतात. त्याच दिवशी काउंटरवर (पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) लावा. ट्यूबवर फक्त सांकेतिक क्रमांक, गट कुठला ते तंत्रज्ञाला कळता कामा नये. रोज सकाळी कंट्रोल (आधीच आकडा माहीत असलेला नमुना) चालवून त्याची नोंद जोडा.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करणार असाल तर सोबत सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) हवंच. १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा निरोगी माणसासाठी. शरीरात दाह असला की फेरिटिन वाढतं आणि लोह पुरेसं आहे असं खोटं दिसतं. सीआरपी वाढलेलं असेल तिथे डब्ल्यूएचओची मर्यादा ७० आहे. पैसे नसतील तर फेरिटिन सोडा, सीबीसीतलं (रक्तपेशींच्या मोजणीतलं) एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातली तफावत) नीट नोंदवा.

निवासी_पीएसएम (बीड)

सगळ्यांचे आभार. ओपीडीचा आराखडा बाजूला ठेवला. दोन शंका उरल्या. गर्भाशय काढलेल्या महिलांचं काय करायचं? आणि गावात शिरायला मुकादमाची (टोळीच्या ठेकेदाराची) मदत घ्यावी का?

फड_ते_फाईल (अंबाजोगाई)

गर्भाशय काढलेल्यांना वगळूही नका, मिसळूही नका. शस्त्रक्रियेनंतर पाळीचं रक्त जाणं थांबतं, त्यामुळे पुढे एचबी वाढू शकतं. बीडमध्ये ऊसतोड महिलांत या शस्त्रक्रियांचं प्रमाण हा २०१९ पासून राज्य पातळीवर चौकशीचा विषय राहिला आहे. त्या एका गटात जास्त असतील तर त्या गटाचा रक्तक्षय खोटाच कमी दिसेल. शस्त्रक्रियेचं वर्ष, अंडाशय ठेवले की काढले, हे विचारा आणि पाळी चालू असलेल्यांचं विश्लेषण वेगळं द्या. हे आधीच सिनॉप्सिसमध्ये लिहा. निकाल पाहून गट पाडायला लागलात तर धोका असा : काहीच संबंध नसताना २० स्वतंत्र तुलना केल्या, तर एखादी तरी ०.०५ च्या आत येण्याची शक्यता ६४ टक्के असते.

मुकादमाची मदत नको. बाईच्या घरावर त्याची उचल (आगाऊ दिलेले पैसे) असते, त्याच्यासमोर ती 'नाही' म्हणू शकत नाही, मग संमतीला काय अर्थ? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा दबावाखालच्या गटांसाठी वेगळी काळजी सांगितली आहे. संमतीपत्र साध्या मराठीत, तांड्यावर गोरमाटीत (बंजारा बोलीत) तोंडी समजावून. अंगठा असेल तर तटस्थ साक्षर साक्षीदाराची सही. प्रश्न नवऱ्यापासून आणि सासूपासून थोडं लांब बसून. एचबी ८ च्या खाली निघालं की त्याच दिवशी कळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, ही सोय एथिक्सच्या अर्जात लिहा आणि वैद्यकीय अधिकाऱ्याशी आधी बोलून ठेवा. बाकीच्यांचे अहवाल आठवड्यात हातात द्या.

नमुना_आणि_गणित (परभणी)

विश्लेषणाचं राहिलं होतं. रक्तक्षय इतका सर्रास असताना ऑड्स रेशो (रक्तक्षय असलेल्या भागिले नसलेल्या, या आकड्याची दोन गटांतली तुलना) देऊ नका. ६० विरुद्ध ४५ टक्क्यांत ऑड्स रेशो १.८३ येतो, वाचणारा 'जवळपास दुप्पट' समजतो. प्रत्यक्षात प्रमाण १.३३ पट आहे. प्रिव्हलन्स रेशो (दोन गटांतल्या टक्केवारीचं गुणोत्तर) द्या. त्यासोबत फरक आणि त्याचा ९५ टक्के सीआय (खरा फरक ज्या मर्यादांत असावा तो टप्पा). तुमच्या ३००-३०० मध्ये १५ टक्क्यांचा फरक निघाला तर सीआय साधारण ५ ते २५ येईल. 'पी ०.०५ च्या आत' यातून हे काहीच कळत नाही. सरासरी एचबीची तुलनाही द्या, कारण ११.९ आणि १२.० यांना वेगळ्या खणांत टाकल्याने माहिती वाया जाते.

वय, बाळंतपणं, शिक्षण आणि कोरडवाहू जमीन किती, यांचं समायोजन करा. भूमिहीन घरातूनच कोयता जास्त निघतो आणि तिथेच ताटात कमी असतं. पण फडावरचं जेवण किंवा तिथे वाढलेला अंगावरून जाण्याचा त्रास समायोजनात घालू नका. ऊसतोडीचा परिणाम त्याच वाटेने होत असेल तर तुम्ही तो स्वतःच पुसून टाकाल.

एक्सेलमध्ये रिकामी माहिती ० म्हणून भरू नका, ९९९ ही नको, रकाना मोकळा सोडा. दोघांनी वेगवेगळी भरून जुळवा. पहिल्या ३० फॉर्मांची ही जुळवणी दुसऱ्या गावाला जाण्याआधीच करा, प्रश्नावलीतला घोटाळा तिथेच दिसतो.