झाडावर चढायला टेपचे (विणलेल्या पट्टीचे) एट्रिअर, म्हणजे लोंबत्या पायऱ्या, घरी बांधायचे आहेत: टेप कोणती, माप किती, गाठ कुठली?

बीजवाट

मुळशीच्या बाजूला देशी झाडांची रोपवाटिका आहे, तिच्यासाठी ऐन आणि किंजळ यांचं बी झाडावरूनच काढायचं आहे. दोन्हींच्या फळांना पंख असतात. पिकली की वारा घेऊन जातो, आणि खाली सापडतात त्यांतली बरीच किडलेली निघतात. झाडं मालकीच्या जागेतली आहेत. खोडं सरळ, छातीच्या उंचीला घेर साधारण ११० सें.मी., पहिली भक्कम फांदी ६ मीटरवर. जागा उताराची असल्याने शिडी नीट टेकत नाही. खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकायच्या नाहीत, हे पक्कं.

अमेरिकेतले सॅडल हंटिंगवाले (कमरेच्या पट्ट्याने झाडाला टेकून शिकार करणारे) खोडाला पट्टा आवळून त्याला टेपच्या पायऱ्या अडकवतात आणि त्यावरून चढतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, पण चढायची ही रीत बी गोळा करायला उपयोगी वाटते. प्रश्न असे: टेप कुठली घ्यावी? एका एट्रिअरला किती लागते? बॅगवाल्याकडून शिवून घेतलं तर चालेल का? आणि ऐनाच्या सालीवर पट्टा घसरतो का?

कातळगाठ

निम्म्या चुका दुकानातच होतात, म्हणून आधी टेप. पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा बॅगांच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळणारी रंगीत पट्टी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते. ती उन्हाने लवकर ठिसूळ होते, १६५ अंशांच्या आसपास वितळते, आणि ती किती भार घेते हे कुठेच छापलेलं नसतं. दुकानदार ‘नायलॉनच आहे’ म्हणाला तरी घरी तपासा. बोटभर तुकडा कापा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात चुरगाळून त्यातली हवा काढा आणि सोडून द्या. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. ही चाचणी फक्त नापास करण्यापुरती आहे. बुडाली म्हणून ती पट्टी चढाईच्या लायकीची ठरत नाही.

घ्यायची ती गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानातली २५ मिमी नायलॉनची ट्यूब्युलर (नळीसारखी पोकळ विणलेली) टेप. नवी असताना तिची ताकद १८ किलोन्यूटनच्या आसपास असते, गाठीत ती तिसेक टक्के किंवा त्याहून जास्त घटते. ८० किलोचा माणूस शांत उभा राहिला तर भार ०.८ किलोन्यूटन, म्हणजे पाय ठेवायला भरपूर झाली. जुन्या बाजारातले गाडीचे सीटबेल्ट मजबूत दिसतात, पण त्यांनी किती ऊन खाल्लं आणि कुठल्या बॅटरीचं ॲसिड त्यांच्यावर सांडलं हे कळायला मार्ग नाही. ते नकोत.

आता माप. चार पायऱ्यांच्या, साधारण दीड मीटर लांबीच्या एका एट्रिअरला ६ मीटर टेप घ्या. हिशेब असा: दोन पदर दीड-दीड मीटरचे, म्हणजे ३ मीटर. दोन्ही पदर मिळून मारलेली एक साधी गाठ प्रत्येक पदराची २०-२२ सें.मी. टेप खाते, आणि अशा तीन गाठी लागतात. वरच्या डोळ्याला आणि त्याच्या गाठीला जवळजवळ एक मीटर जाते. बेरीज साडेपाच मीटरच्या आसपास येते, उरलेली चुकांसाठी. कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा. वितळलेला गोळा बोटाने नाही, चमच्याच्या पाठीने दाबा.

वरचा डोळा फ्रॉस्ट नॉटने करायचा. टेपचं एक टोक दुमडून ८-१० सें.मी.चा फासा करा. दुमडलेल्या दोन पदरांच्या मध्ये टेपचं दुसरं टोक सरकवा, आणि तिन्ही पदर एकत्र धरून एकच साधी गाठ मारा. पदर एकमेकांवर सपाट बसले पाहिजेत, कुठेही पीळ नको. दोन्ही शेपट्या किमान ८ सें.मी. सुटल्या पाहिजेत. आता तुमच्या हातात एक मोठा बंद वेढा आणि वर छोटा डोळा आहे. खालचं टोक नुसतं दुमड असल्याने तिथे वेगळी गाठ लागत नाही, हा या रीतीचा मोठा फायदा.

मग वरून खाली ३८-४० सें.मी. अंतराने दोन्ही पदर मिळून साध्या गाठी मारत जा. पहिली पायरी ३० सें.मी.वर ठेवली तरी चालेल. यात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: प्रत्येक पायरीत एक पदर दुसऱ्यापेक्षा ५-६ सें.मी. लांब सोडायचा. दोन्ही सारखे ठेवले तर भार येताच पायरी चिमटून बंद होते आणि बूट शिरत नाही. लांब पदर एकदा डावीकडे, पुढच्या पायरीत उजवीकडे.

बांधून झाल्यावर जमिनीपासून फूटभर उंचीवर टांगा, प्रत्येक पायरीवर पूर्ण वजनाने उभे राहा, हलके दचके द्या. गाठी आवळतात, अंतरं सरकतात. पुन्हा मोजा, दुरुस्त करा, परत आवळा. न आवळलेली गाठ झाडावर पहिल्यांदा आवळली तर पाय अचानक दोन-तीन सें.मी. खाली जातो, आणि तोल जायला तेवढं पुरतं.

पानगळ

कातळगाठ यांनी लिहिलेलं सगळं पायापुरतं आहे, आणि ते तसंच वाचा. एट्रिअर पाय ठेवायला असतो, जीव टांगायला नाही. टेप फार ताणली जात नाही. तिला हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा) अडकवून तिच्यावर उभं राहिलात आणि टेपच्या लांबीइतकं जरी पडलात, तरी १० किलोन्यूटनच्या वर झटका बसू शकतो. गाठ मारलेल्या टेपला आणि तुमच्या कमरेला तो सोसायचा नाही.

म्हणून खोडावर तीन वेगळ्या गोष्टी हव्यात. एक, एट्रिअर अडकवायचा पट्टा. दोन, खोडाभोवतून जाणारा कमरेचा दोर, ज्यावर मागे रेलून हात मोकळे होतात. तीन, डोक्याच्या उंचीवर खोडाला आवळलेला जीवदोर.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक नीट समजून घ्या. कमरेचा दोर पडणं थांबवत नाही. सरळ खोडावर पाय सुटला तर तो तुमच्यासकट खोडावरून खाली घसरत येतो. थांबवतो तो फक्त जीवदोर, कारण भार आला की त्याचा फास खोडाला करकचून आवळतो. कमरेचा दोर आहे म्हणून जीवदोर गाळणं ही या पद्धतीतली सर्वांत धोकादायक चूक आहे.

जीवदोराला ११ मिमी स्टॅटिक (फार न ताणणारा) दोर, तुमच्या घेराला ३ मीटर. एका टोकाला आठाच्या गाठीचा डोळा. दोर खोडाभोवती फिरवून त्याच डोळ्यातून ओवा आणि खाली सोडा. डोळ्यात कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) घालून त्यातून दोर नेऊ नका. खोडावर दाबला जाऊन त्याच्यावर आडवा भार येतो आणि आडव्यात कॅराबिनर बरेच कमजोर असतात. लोंबत्या दोरावर ७-८ मिमीच्या कॉर्डचा तीन वेढ्यांचा प्रुसिक (हाताने सरकणारी, भार आला की आवळणारी गाठ), त्यातून स्क्रूगेट (स्क्रूने बंद होणारा) कॅराबिनर हार्नेसच्या पुढच्या मुख्य कडीला. दोराच्या खालच्या टोकाला अडवणारी गाठ हवीच. प्रुसिक सतत वर सारत राहा, दोर कमरेशी ताठ असला पाहिजे. वर जाताना जीवदोर काढायचा नाही, सैल करून खोडावरून वर ढकलायचा. फांदी ओलांडताना दुसरा जीवदोर फांदीच्या वर आवळून त्यावर भार दिल्यावरच खालचा सोडायचा.

हार्नेसबद्दल: कमरेच्या दोराला दोन्ही बाजूंना भार घेणाऱ्या कड्या लागतात. साध्या क्लाइंबिंग हार्नेसच्या बाजूचे फासे सामान टांगायचे असतात, माणसाचं वजन घेत नाहीत. ईएन ३५८ (युरोपीय मानक) प्रमाणित बाजूच्या कड्या असलेला कामाचा हार्नेस घ्या.

सालीचं उत्तर. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची असते, पट्टा तिच्यात छान बसतो. घसरण होते ती गुळगुळीत खोडांवर, अर्जुन आणि निलगिरीवर जास्त. तिथे पट्टा एकदा गुंडाळण्याऐवजी दोन वेढे देऊन मग फास करा. सावर आणि पांगारा यांच्या काट्यांवर टेप लावूच नका. आणि बी काढायचा हंगाम कोरडा, म्हणजे वर आग्या मोहोळ असू शकतं. चढायच्या आधी दुर्बिणीने चारही बाजूंनी शेंडा बघा. मोहोळ दिसलं तर त्या वर्षी ते झाड सोडून द्या.

बीजवाट

खूप उपयोगी माहिती. खोडाचा पट्टा किती लांब लागेल? आणि शिवण्याचं राहिलं.

दुहेरीटाका

बॅगा आणि पट्टे शिवण्याच्या कामातून सांगतो. शिवता येतं, पण तुमच्या कामाला गाठच बरी, कारण गाठ सैल झाली की डोळ्यांना दिसते. शिवण आतून कुजली तर दिसत नाही.

चढाईच्या स्लिंगवर (टेपच्या तयार शिवलेल्या बंद वेढ्यावर) जी आडवी दाट शिवण दिसते ती बारटॅक. तिला वेगळं यंत्र लागतं, आणि कारखान्यात नमुने तोडून भार मोजतात. बॅगवाल्याच्या साध्या मशीनवर चौकट-फुलीची शिवण होते. तीत दोन चुका नेहमीच्या: टाके इतके दाट घालतात की सुई टेपचेच धागे कापते, किंवा शिवण अगदी काठावर घेतात. तिसरी म्हणजे सुती किंवा साधा शिवणाचा दोरा; तो उन्हाने आणि घासण्याने टेपच्या खूप आधी जातो. पायरीत पाय सरकू नये म्हणून आत पट्टी शिवायची असेल तेवढंच शिवून घ्या. बाँडेड पॉलिएस्टर दोरा, टेपच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा, म्हणजे तुटलेला टाका लगेच दिसतो. भार घेणारा एकही जोड शिवणीवर ठेवू नका.

कातळगाठ

खोडाला तयार शिवलेलं स्लिंग घ्या, २२ किलोन्यूटन छापलेलं. १२० सें.मी.चं स्लिंग साधा फास करून जेमतेम १०० सें.मी. घेरापर्यंत पुरतं, कारण फासात १५-२० सें.मी. जातात. तुमच्या ११० ला ते अपुरं पडेल. १८० सें.मी.चं घ्या. दोन वेढे द्यायची वेळ आली तर २४० चं.

चढताना दोन जोड्या लागतात: स्लिंग आणि एट्रिअर, असे दोन संच. वरचा संच हात पोचेल तिथे आवळा, त्याच्या वरून मोजून दुसऱ्या पायरीपर्यंत चढा, मग खालचा संच काढून वर न्या. सगळ्यांत वरच्या पायरीवर उभं राहायचा मोह टाळा. पट्टा गुडघ्याखाली जातो आणि शरीर मागे पडतं. एका हालचालीत मीटरभर उंची मिळते, त्यामुळे ६ मीटरला सहा-सात वेळा संच बदलावा लागेल. पाय पुढे झुलून खोडापासून सुटत असतील तर पायरीत बूट टाचेपर्यंत नका घालू, चवडा घाला आणि बोटं खोडाला टेकवा. कमरेच्या दोरावर मागे रेललात की पाय आपोआप खोडाला दाबले जातात.

पायरी उघडी राहावी म्हणून आतून रुंद होजपाइपचा १२ सें.मी. तुकडा ओवता येतो. तो गाठी मारायच्या आधी ओवावा लागतो, आणि कापलेल्या कडा कानशीने घासून गोल कराव्या लागतात, नाहीतर त्याच टेप कापतात. उतरताना याचा खरा उपयोग: खाली न बघता पायाला पायरी सापडते.

पानगळ

पुढे दरवर्षी चढणार असाल तर दुसरी वाटही विचारात घ्या. ३०० ग्रॅम वाळूची पिशवी बारीक दोरीला बांधून फांदीवरून टाका, दोरीने दोर ओढून घ्या आणि दोरावरून प्रुसिकने चढा. त्यात एट्रिअरचा एकच पायफासा पुरतो आणि उतरणं सोपं. पण ६ मीटरवरची फांदी भक्कम आहे हे खालूनच ठरवावं लागतं. फांदी खोडाला जिथे जुळते तिथे भेग, बुरशी किंवा पोकळी असेल तर दोर टाकू नका; भार देताना आधी खालून दोन माणसांनी दोराला लटकून बघावं. खोडाच्या अगदी जवळ दोर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा टाकायची तयारी ठेवा.

आणि खाली दुसरा माणूस हवा, ज्याला तुम्हाला उतरवता येतं. नुसता फोन लावणारा नको.

कातळगाठ

टेप ठेवण्याबद्दल राहिलं. वापरून झालं की कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. गाडीत बॅटरी किंवा इन्व्हर्टर असेल तिथे अजिबात ठेवू नका. ॲसिडने नायलॉन सडतं आणि वरून काही दिसत नाही. भिजलेल्या नायलॉनची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे पावसात गाठींच्या शेपट्या पुन्हा मोजा. शेपटी ८ सें.मी.हून कमी झाली असेल तर गाठ सरकते आहे: सोडून नव्याने बांधा. रंग उडालेली, कडक झालेली किंवा काठाला लव आलेली टेप कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी चुकून वापरणार नाही.