मेस्मर नव्हे, ब्रेड

अठराव्या शतकातल्या फ्रान्झ मेस्मर या जर्मन वैद्याला संमोहनाचा जनक म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मेस्मरच्या मते त्याच्या उपचारांतली सगळी करामत एका अदृश्य 'प्राणिज चुंबकत्वा'ची, म्हणजे सजीवांच्या शरीरात वाहणाऱ्या शक्तीची होती. १७८४ मध्ये फ्रँकलिन, लाव्हाझिए या शास्त्रज्ञांच्या समितीने असं काही नसल्याचा निर्वाळा दिला, पण रुग्णांवर परिणाम होत होता तो कशामुळे, हा प्रश्न लोंबकळतच राहिला.

तो धरला जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने. नोव्हेंबर १८४१ मध्ये मँचेस्टरला लाफोंतेन नावाच्या प्रयोगकर्त्याचे मेस्मेरिझमचे (मेस्मरच्या पद्धतीचे) प्रयोग बघायला तो गेला तेव्हा हे सगळं थोतांडच असणार अशी त्याची खात्री होती. पण समोरच्या माणसाला पापण्या खरोखरच उघडता येत नाहीत, हे त्याने पाहिलं. मग घरीच त्याने एका मित्राला डोळ्यांच्या जरा वर ठेवलेल्या वाइनच्या बाटलीच्या तोंडाकडे एकटक बघायला लावलं. तीनच मिनिटांत पापण्या मिटल्या, गालांवर पाणी ओघळलं, मान कलली. हातवारे नाहीत, चुंबकत्व नाही! पुढे बायकोवर प्रयोग केला, तो साखरेच्या भांड्यावरची नक्षी दाखवून. मला हा क्षण फार मोठा वाटतो: शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसून बघणाऱ्याच्या एकाग्रतेत आहे, हे इथे कळलं.

'हिप्नॉटिझम' हा शब्द (ग्रीक 'हिप्नोस' म्हणजे झोप) त्यानेच रूढ केला. ही झोप नव्हेच, हे उमगल्यावर तो बदलायचाही प्रयत्न केला, पण तोवर शब्द रुळला होता.