मदत हवी आहे: सायकलला क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकतो ते) घेऊ की सपाट पेडलच बरं?

भाऊ लोकहो, मी अंजनगाव सुर्जीकडचा. रोज सायकलनं पांदणीतून वावरात, सवड मिळाली की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. आता २०० किमीची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी) करायची आहे, साडेतेरा तासांची, म्हणून क्लिपलेस डोक्यात आलं. बुटाला तीन बोल्टनं बसणारं रोड सायकलचं नकोच, त्यात चालता येत नाही. दोन बोल्टचा एसपीडी प्रकारचा क्लीट (पेडलात अडकणारा तुकडा) बुटाच्या तळात आत बसतो, तो चालेल.

पण आपली काळी माती! पावसाळ्यात चार पावलं टाकली की बुटाला लोंदाच चिकटतो. अशात क्लीट पेडलात अडकतो का? अन् मुख्य म्हणजे, पांदणीत बैल आडवा आला तर पाय वेळेवर सुटतो का? पेडलची स्प्रिंग सैल ठेवून भागतं का?

एका बाजूनं सपाट, दुसरीकडून क्लिप, असं पेडल कोणी वापरतं का? चढावर बाजू शोधत बसावं लागत असेल, असं वाटते.